१४ एप्रिल १९३७ : एका सर्जनाचा कायदा आणि आपल्या घरचा सातबारा

भोरहून वरंधा घाट उतरला की महाड. दरवर्षी २० मार्चला आणि २५ डिसेंबरला आपल्या भागातले कार्यकर्ते याच वाटेने चवदार तळ्यावर जातात. २५ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली तिथे मनुस्मृती जाळली गेली, हे आपल्या विहारातल्या लहान मुलालाही माहीत आहे. त्या ग्रंथाने शूद्र-अतिशूद्रांना काय दिले, यावर आपण तासभर बोलू शकतो. त्याच ग्रंथाने बाईला धनसंपत्तीवरचा स्वतंत्र हक्क नाकारला होता, हा मुद्दा मात्र आपल्या भाषणांत एखाद्या वाक्यात उरकतो. विषय आपल्या घरापर्यंत येतो, म्हणून तो उरकला जातो, असे आम्हाला वाटते.

मनुस्मृती जाळल्यानंतर दहा वर्षे व्हायच्या आत, १४ एप्रिल १९३७ रोजी, हिंदू स्त्रियांच्या मालमत्ता हक्काचा कायदा झाला. तारीख बाबासाहेबांच्या जयंतीची, हा निव्वळ योगायोग. हा कायदा बाबासाहेबांनी आणलेला नव्हता. तो आणला मुंबईच्या एका सर्जनाने. पुढे कोर्टकचेरीत लोक त्याला देशमुख कायदा म्हणू लागले. मुंबईतल्या पेडर रोडवरून आपण गेलो असू, तर या माणसाच्या नावाच्या पाटीखालून गेलो आहोत. त्या रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग आहे. पाटी वाचणाऱ्या शंभरातल्या नव्वदांना हे देशमुख कोण, ते सांगता येणार नाही. आपल्यातल्या अनेकांनाही येणार नाही. म्हणून हा लेख.

दवाखान्यातून महापालिकेत

गोपाळराव विनायक देशमुख एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जन्मले. वैद्यकीच्या शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले आणि सर्जनची एफ.आर.सी.एस. ही पदवी घेऊन मुंबईत परतले. त्या काळी एवढे शिकून आलेल्या हिंदी डॉक्टरपुढेही एक भिंत उभी असे. सरकारी रुग्णालयांतल्या आणि वैद्यकीय महाविद्यालयांतल्या वरच्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांकडे असत आणि त्यांत बहुतेक गोरे. हिंदी डॉक्टर कितीही हुशार असला तरी मोठ्या रुग्णालयात त्याला दुय्यम स्थान. या अन्यायाविरुद्ध मुंबईच्या डॉक्टरांची एक पिढी उभी राहिली. महापालिकेने परळला सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि के.ई.एम. रुग्णालय काढले, तेव्हा तिथे शिकवणारे डॉक्टर हिंदीच असतील ही अट देणगीदारांनी घातली होती. ते रुग्णालय १९२६ मध्ये सुरू झाले. डॉ. देशमुख याच पिढीतले.

डॉक्टर महापालिकेत का गेले, हे समजायला त्या वेळची मुंबई डोळ्यांपुढे आणावी लागते. प्लेगने शहर पोखरून काढल्याला फार वर्षे झाली नव्हती. गिरणगावात दहा बाय दहाच्या खोलीत दोन-दोन कुटुंबे राहत. पाणी, गटारे, संडास, देवी टोचणे, बाळंतपणाची सोय ही सगळी कामे महापालिकेच्या हातात होती. रोग्याला औषध देऊन घरी पाठवले तरी तो परत त्याच गटाराशेजारी झोपणार, हे डॉक्टरला रोज दिसत होते. त्यामुळे अनेक नामवंत डॉक्टर त्या काळात नगरसेवक झाले. डॉ. देशमुख त्यांच्यातले एक ठळक नाव. १९२८ साली ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. महापौर हा शब्द तेव्हा रूढ नव्हता, ते पदनाम १९३१ पासून आले. पण खुर्ची तीच.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात कलकत्त्याला अखिल भारतीय वैद्यकीय परिषद भरली. तिच्या अध्यक्षस्थानी डॉ. देशमुख होते. याच परिषदेत देशातल्या डॉक्टरांची एक संघटना उभी करण्याचा ठराव झाला. आज जिला आपण इंडियन मेडिकल असोसिएशन म्हणून ओळखतो, ती ही संघटना. म्हणजे एकाच वर्षात हा माणूस देशातल्या एका मोठ्या शहराचा प्रमुख होता आणि हिंदी डॉक्टरांच्या एकजुटीचाही प्रमुख होता.

१९२८ चे साल आपल्यासाठीही महत्त्वाचे आहे. त्या वर्षी मुंबईतल्या गिरण्या अनेक महिने संपामुळे बंद होत्या. बाबासाहेब मुंबई कायदेमंडळाचे सदस्य होते. त्यांनी महार वतन सुधारणेचे विधेयक त्याच वर्षी मांडले. कामगार स्त्रीला बाळंतपणाची पगारी रजा देणाऱ्या विधेयकालाही त्यांनी कायदेमंडळात पाठिंबा दिला. एकाच शहरात एक डॉक्टर महापालिका चालवत होता आणि दुसरे डॉक्टर, म्हणजे आपले बाबासाहेब, बाळंतिणीच्या हक्कासाठी बोलत होते. दोघांचे राजकारण मात्र वेगळे होते. देशमुख काँग्रेसकडे गेले. बाबासाहेबांची वाट काँग्रेसच्या विरोधातली होती आणि १९३२ च्या पुणे कराराने ती दरी किती रुंद केली, हे आपण जाणतो. म्हणून देशमुखांकडे आपण आपल्या चळवळीचा माणूस म्हणून पाहू शकत नाही, तसे करायचे कारणही नाही. पण विरोधी छावणीतल्या माणसाचे चांगले काम नीट मोजणे, हेही आपल्याला आले पाहिजे.

दिल्लीतले विधेयक

१९३४ च्या निवडणुकीत डॉ. देशमुख काँग्रेसच्या वतीने मुंबई शहरातून मध्यवर्ती कायदेमंडळावर निवडून गेले. दिल्लीला गेल्यावर त्यांनी हिंदू स्त्रीच्या वारसाहक्काचा प्रश्न हाती घेतला. सर्जनाने हा विषय का उचलला, याचे उत्तर त्या काळच्या घरांत सापडते. नवरा मेला की बाईची काय अवस्था होते, हे वकिलाइतकेच डॉक्टरलाही जवळून दिसत असणार.

जुना हिंदू कायदा थोडक्यात असा होता. एकत्र कुटुंबातला पुरुष मेला, तर त्याचा हिस्सा उरलेल्या पुरुषांकडे जाई. मुलगे असले, तर विधवेला वाट्याला यायची ती पोटगी, म्हणजे अन्न-वस्त्र आणि राहायला कोपरा. ती पोटगीही दीर-पुतण्यांच्या मर्जीवर. मुलगी तर हिशोबातच नव्हती.

देशमुखांचे मूळ विधेयक बरेच पुढचे होते. त्यात विधवेबरोबर मुलीचाही विचार होता. पण सनातनी विरोध मोठा होता. विधेयक निवड समितीकडे गेले आणि तिथून बाहेर आले तेव्हा त्याचे अंग बरेच छाटलेले होते. मुलगी त्यातून वगळली गेली. १४ एप्रिल १९३७ ला जो कायदा झाला, तो मुख्यतः विधवेपुरता.

या कायद्याने नेमके काय दिले, ते एका उदाहरणाने पाहू. एखाद्या माणसाने स्वतःच्या कमाईतून घर बांधले, त्याच्यामागे बायको आणि दोन मुलगे राहिले. आधी घर दोन मुलांचे होत असे. नव्या कायद्याने त्याचे तीन समान हिस्से पडू लागले आणि एक हिस्सा आईचा झाला. मालमत्ता एकत्र कुटुंबाची असेल, तर नवऱ्याचा जो हिस्सा होता त्यावर विधवेचा हक्क आला. पुरुषासारखी वाटणी मागण्याचाही अधिकार तिला मिळाला. आधी मेलेल्या मुलाच्या विधवेलाही वाटा मिळाला. दारात उभी राहून पोटगी मागणारी बाई पहिल्यांदा हिस्सेदार झाली. हे काम लहान नव्हते.

आता उणे बाजू. हा हक्क मर्यादित होता. बाई हयातभर मालमत्तेचा उपभोग घेऊ शकत होती, पण आपल्या मर्जीने विकू शकत नव्हती, कोणाला देऊ शकत नव्हती. तिच्या मागे मालमत्ता तिच्या वारसांकडे न जाता नवऱ्याच्या वारसांकडे परत जाई. मुलीला काही नव्हते. आणि आपल्या समाजात, तसेच अनेक बहुजन जातींत, विधवेने पाट लावण्याची रीत होती. वरच्या जातींनी विधवेला कोंडून ठेवले तसे आपल्या पूर्वजांनी ठेवले नाही, याचा आपल्याला अभिमान आहे. पण पाट लावला की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क जाई. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्यातच तसे कलम होते.

डॉ. देशमुख इथे थांबले नाहीत. पुढे त्यांनी हिंदू स्त्रीला घटस्फोट मागता यावा यासाठीही विधेयक आणले. ते मंजूर झाले नाही. आपल्याकडे काडीमोड घेऊन बाई मोकळी होत होती, तेव्हा प्रतिष्ठित म्हणवणाऱ्या घरांतली बाई कायद्याने जन्मभर बांधलेली होती आणि ते बंधन सैल करायलाही कायदेमंडळ तयार नव्हते.

कायदा भोरपर्यंत का आला नाही

आता आपल्या भागाकडे येऊ. १९३७ साली भोर हे पंत सचिवांचे संस्थान होते. त्याच्या पाच तालुक्यांची नावे विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड. विचित्रगड म्हणजे आपला रोहिडा आणि प्रचंडगड म्हणजे तोरणा. राजगड आणि तोरण्याच्या पायथ्याची वेल्ह्याकडची गावे त्यात येत. दिल्लीच्या कायदेमंडळाचा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता असे, संस्थानांना तो आपोआप लागू होत नसे. पुणे शहरातल्या विधवेला जो हक्क मिळाला, तो घाटमाथ्यावरच्या संस्थानी गावातल्या विधवेला त्या कायद्याने मिळाला नाही. भोर संस्थान मार्च १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले.

ब्रिटिश मुलखातही एक मोठी अडचण निघाली. १ एप्रिल १९३७ पासून १९३५ चा नवा राज्यघटना कायदा अमलात आला होता. त्यात शेतजमिनीच्या वारशाचा विषय प्रांतांकडे गेला. त्यामुळे १९४१ साली फेडरल कोर्टाने निकाल दिला, की देशमुख कायदा प्रांतांतल्या शेतजमिनीला लागू नाही. त्यानंतर प्रांतांना वेगळे कायदे करून ही उणीव भरावी लागली, मुंबई प्रांतानेही ती भरली. मधल्या वर्षांचा अर्थ काय होता, ते पाहा. शहरातले घर, दुकान, पैसा यांत विधवेला वाटा होता. मावळातल्या कुटुंबाकडे भातखाचरे सोडली तर दुसरे काय होते? म्हणजे ज्या गावांत जमीन हीच सगळी मालमत्ता होती, तिथे हा कायदा कागदावर राहिला. आपल्या लोकांकडच्या वतनी जमिनींचे नियम तर आणखी वेगळे होते.

बाबासाहेबांनी पुढे नेलेले काम

कायद्यातल्या या उणिवा दुरुस्त करण्यासाठी १९४१ मध्ये सरकारने बी. एन. राव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पुण्याचे कायदेपंडित ज. र. घारपुरे तिचे सदस्य होते. एकेक कायदा ठिगळासारखा लावून भागणार नाही, सगळ्या हिंदू कायद्याची एकच संहिता हवी, या दिशेने विचार गेला. तीच पुढे हिंदू कोड बिल झाली. म्हणजे देशमुखांच्या अर्धवट कायद्यातून जो प्रश्न उरला, त्यातून हिंदू कोडाची वाट निघाली.

स्वातंत्र्यानंतर कायदेमंत्री म्हणून बाबासाहेबांनी ती जबाबदारी अंगावर घेतली. राव समितीच्या मसुद्यात मुलीला मुलाच्या निम्मा वाटा होता. बाबासाहेबांच्या देखरेखीखाली निवड समितीने तो मुलाइतका केला. बाईचा मर्यादित हक्क काढून पूर्ण मालकी द्यायचे ठरले. १९३७ साली जी मुलगी कायद्यातून काढून टाकली होती, तिला बाबासाहेबांनी हाताला धरून परत आत आणले. मग जे झाले ते आपल्याला पाठ आहे. बिल रखडवले गेले आणि सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्याच्या कारणांत हिंदू कोड बिल हे एक मोठे कारण होते. मंत्रिपद सोडले ते बाईच्या वाट्यासाठीही, हे आपण पोरांना सांगतो का?

बिलाचे पुढे तुकडे झाले आणि वारसा कायदा १७ जून १९५६ पासून अमलात आला. त्याच्या कलम १४ ने स्त्रीच्या ताब्यातल्या मालमत्तेवर तिला पूर्ण मालकी दिली. देशमुख कायद्याचा मर्यादित हक्क इथे संपला. चारच महिन्यांनी, १४ ऑक्टोबरला, नागपूरला धम्मदीक्षा झाली. इथे एक गोष्ट प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत हवी. या कायद्याचे नाव हिंदू असले, तरी तो बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. बौद्धांसाठी वेगळा कायदा हवा, ही मागणी आपण करतो, ती करत राहू. पण आज आपल्या आई-बहिणीचा वाटा याच कायद्याने ठरतो.

त्यातही कमी राहिली होती. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलगी जन्माने हिस्सेदार नव्हती. महाराष्ट्राने १९९४ मध्ये दुरुस्ती केली, पण तोपर्यंत लग्न झालेल्या मुलींना बाहेर ठेवले. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने सगळ्या मुली मुलांच्या बरोबरीने आल्या. त्या दिवशी वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. १९३७ मध्ये वगळलेल्या मुलीला पूर्ण आत यायला अशी अडुसष्ट वर्षे लागली, आणि त्यानंतरही कोर्टाची पायरी चढावी लागली.

उरलेले काम आपले

आता आपल्या घराचा विषय. भोर आणि वेल्हे, म्हणजे आताचा राजगड तालुका, इथे जमिनीचे मोल किती बदलले ते आपण पाहत आहोत. भाटघर, नीरा देवघर, पानशेत, गुंजवणी या धरणांखाली जमिनी गेल्या. उरलेल्या डोंगरउतारांवर शहरातून फार्महाऊससाठी माणसे येतात. मोबदला असो की विक्रीचा पैसा, तो कागदावर ज्याचे नाव त्याला मिळतो. आणि कागदावर नाव कोणाचे असते? वडील वारले की भाऊ तलाठ्याकडे जातो. बहिणीला निरोप जातो, सही करून जा. भाऊबीजेला साडी मिळते आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडपत्रावर अंगठा उमटतो. बहीण नाही म्हणाली, तर माहेर तुटते. हे फक्त सवर्णांच्या घरात होते, असे छातीवर हात ठेवून म्हणता येईल का? पंचशील घेतलेल्या, विहारात पहिल्या रांगेत बसणाऱ्या घरांतही हे होते. आम्ही स्वतःला यातून वगळत नाही.

डॉ. देशमुखांच्या आयुष्यातून आपण काय घ्यायचे? आपल्या विचाराचा नसलेला, सुखवस्तू थरातला एक डॉक्टर बाईच्या हक्काचे दार किलकिले करतो, त्याचे विधेयक छाटले जाते, तरी तो हाती आलेले घेऊन पुढचे मागत राहतो. त्याची पाटी पेडर रोडवर आहे आणि त्याच्या कामाची खूण देशभरातल्या खटल्यांत आहे. त्याने जेवढे केले तेवढे श्रेय त्याला द्यावे, कमी नको आणि जास्तही नको. ते दार पूर्ण उघडण्यासाठी बाबासाहेबांनी काय किंमत मोजली, तेही त्याच दमात सांगावे. आणि मग आपल्या घराकडे वळावे.

येत्या १४ एप्रिलला मिरवणूक काढू, व्याख्यान ठेवू, खीरदानही करू. त्याबरोबर गावोगावच्या युवकांनी एक काम हाती घ्यावे, अशी आमची विनंती आहे. ज्या घरात वडील वारले आहेत, तिथला सातबारा आणि फेरफार काढून पाहावा. आई आणि सगळ्या बहिणींची नावे वारस नोंदीत आहेत का, ते तपासावे. नसतील, तर अर्ज द्यावा. मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत वारसाची खबर द्यायची असते, हे गावात सांगावे. बहिणीला वाटा नको असेल, तर तो निर्णय तिने कायदा समजून, कोणाच्या दडपणाशिवाय घ्यावा. आणि सुरुवात करायची, तर पहिला सातबारा कार्यकर्त्याच्या स्वतःच्या घरचा निघावा. महाडच्या वाटेवर घोषणा देताना मग आवाज आणखी खणखणीत निघेल.

जय भीम! नमो बुद्धाय!